सैनिकाला दया नको, हक्क हवा

सैनिकाचा गौरव करण्यात अमेरिका कुणाला हार जाणार नाही. तरीही त्या देशात २०२२ या एका वर्षात ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केली. अटक, खटला वा तुरुंगवास ज्यांच्या वाट्याला येतो त्या माजी सैनिकांना हा धोका अधिक असतो. युद्धाचा मानसिक आघात, दारू, मोडलेला संसार आणि त्यावर बेड्यांची अप्रतिष्ठा! तेथील स्थानिक तुरुंगांत आत्महत्या हेच अनेक वर्षे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण ठरले आहे.

कायद्याला हे उशिरा कळले. कोरियाच्या युद्धात लढलेल्या जॉर्ज पोर्टरला दोन खुनांपैकी एका खुनाबद्दल फ्लोरिडात देहदंडाची शिक्षा झाली. पण तो रणांगणावर काय भोगून आला, हे त्याच्या वकिलाने ज्यूरीपुढे मांडलेच नाही. हा बचाव सदोष होता, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला. त्याच्या आदल्या वर्षी, २००८ मध्ये, बफेलो शहरात न्यायमूर्ती रॉबर्ट रसेल यांनी माजी सैनिकांसाठी स्वतंत्र उपचार न्यायालय सुरू केले. तेथे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली उपचार मिळतात आणि आरोपीच्या पाठीशी दुसरा माजी सैनिक उभा राहतो. आज अशी शेकडो न्यायालये आहेत.

आम्ही या प्रयोगाचे स्वागत करतो. परंतु त्याचे दार सर्वांना उघडे आहे काय? सैन्यातून वाईट शेऱ्यानिशी काढलेल्याला माजी सैनिक खात्याचे अनेक लाभ नाकारले जातात. व्हिएतनाम युद्धाच्या काळात असे शेरे कृष्णवर्णीय सैनिकांच्या माथी प्रमाणाबाहेर मारले गेले. शिवाय गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाल्यास तुरुंगवासाच्या ६१व्या दिवसापासून अपंगत्वाच्या भरपाईला कात्री लागते. म्हणजे ज्याला आधाराची सर्वाधिक गरज, त्याच्याच हातातून आधार काढून घ्यायचा! हा कसला न्याय? आघाताने बिघडलेल्या वर्तनाची शिक्षा म्हणून त्याच आघातावरचे उपचार नाकारणे, याला आम्ही अन्यायच म्हणू.

महाराष्ट्रात गावोगावी माजी सैनिक आहेत. त्यांच्यापैकी कुणी आरोपी होऊन न्यायालयात उभा राहिला, तर आपल्याकडे काय व्हावे? २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगात मानसोपचाराची सोय करण्यास सांगतो. कोठडीतील व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिला आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयेही आहेत. या तिघांना जोडणारा दुवा हवा. पहिल्याच रिमांडला आरोपीला विचारा, 'तुम्ही सैन्यात होता काय?' उत्तर होय असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर, विधी सेवा प्राधिकरण आणि सैनिक कल्याण कार्यालय यांना कळवा. सेवेतून त्याला कोणत्या शेऱ्यानिशी काढले, हे त्या वेळी विचारू नका.

गुन्हा असेल तर शिक्षा होईल. तो न्यायालयाचा अधिकार आहे. पण कोठडीतील माणसाचा जीव राखणे ही शासनाची जबाबदारी आहे. शौर्यपदक असलेल्याचा जीव आणि वाईट शेरा असलेल्याचा जीव, कायद्यापुढे दोन्ही समान आहेत.