मावळातला वसंत आणि शाळेचे ग्रंथालय

मावळात शाळेच्या ग्रंथालयाचे वर्ष ऐन वसंतात सरते. माघाच्या अखेरीस पानगळ झालेली काटेसावर लाल फुलांनी लगडते. फाल्गुनात पळस आणि पांगारा फुलतात, आणि चैत्राच्या सुमारास कुसुंबाची तांबडी पालवी लोहगड-विसापूरच्या उतारांवर लांबूनही ओळखू येते. सावरीच्या जाड, मांसल पाकळ्यांच्या तळाशी साठलेल्या मधासाठी शिंजीर, बुलबुल आणि साळुंक्या दिवसभर ये-जा करतात. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या, सुगंधी फुलांनी भरतात आणि भर दुपारी तांबटाची ठुकठुक चालू असते.

याच दिवसांत ग्रंथालयात वर्षअखेरीची कामे सुरू होतात. वार्षिक परीक्षेआधी वर्गावर्गांतून पुस्तके परत मागवली जातात. मग दाखल नोंदवहीतला क्रमांक आणि कपाटातले पुस्तक यांचा मेळ घातला जातो. चुकीच्या कप्प्यात गेलेली पुस्तके जागेवर येतात, हरवलेल्यांची यादी होते आणि वापरण्याजोगी न उरलेली पुस्तके रीतसर मंजुरी घेऊन नोंदीतून कमी केली जातात. दुरुस्त होणारी बांधणीकडे जातात. सुटलेली पाने शिवली जातात, पाठीला खळ लावून कापडी पट्टी चिकटवली जाते आणि वर नवा पुठ्ठा चढतो. खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात थोडे मोरचूद घालण्याची बांधणीवाल्यांची जुनी रीत आहे.

या कामांना मावळात दुसरा मोसम नाही. लोणावळा समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांहून उंच, घाटमाथ्यावर आहे आणि तिथे वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर बराच काळ राहिली की कागदावर आणि कापडी बांधणीवर बुरशी धरते. जून ते सप्टेंबर धुके थेट खोलीत शिरते. म्हणून कपाटे भिंतीपासून सुटी करणे, पुस्तके झटकणे, कसर-वाळवी तपासणे आणि पुस्तकांना हवा देणे हे सारे मार्च ते मे या कोरड्या महिन्यांतच उरकावे लागते. हवा मात्र सावलीतच द्यायची, कारण कडक उन्हात कागद पिवळा पडून ठिसूळ होतो.

पण झाडे वाचण्याजोगी होतात त्याच सुमारास पुस्तके कुलपात जातात, हा या वेळापत्रकातला मोठा तोटा आहे. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ किंवा मारुती चितमपल्लींची रानावरची पुस्तके मुलांच्या हाती असायला हवीत ती याच दिवसांत. तळेगाव दाभाडे येथे राहून लिहिणाऱ्या गो. नी. दांडेकरांचे ‘पवनाकाठचा धोंडी’ तर मावळच्याच मातीतले. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी पहिले हेच सांगते, की पुस्तके वापरासाठी असतात.

यावरचा उपाय सोपा आहे. मोजणी एप्रिलमध्ये संपवावी आणि १ मेच्या सुमारास निकालपत्रासोबतच प्रत्येक मुलाला सुटीसाठी दोन-तीन पुस्तके द्यावीत. त्यासाठी वेगळी नोंदवही ठेवली की हिशेबात गोंधळ होत नाही. मे महिन्यात करवंदे-जांभळे पिकतात आणि पावसाच्या तोंडावर राजमाचीच्या रानात काजवे चमकतात. ते पाहताना मुलांजवळ पुस्तक असेल, तर झाडाचे आणि किड्याचे नाव तिथल्या तिथे शोधता येईल. जूनच्या मध्यावर शाळा भरली की पुस्तके परत घ्यावीत, ओल आहे का ते पाहावे आणि मगच कपाटात ठेवावीत.