अर्थसंकल्प आपलाही!

मैत्रिणींनो, १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प आला की पुरुषमंडळी टीव्हीसमोर आणि आपण ओट्याशी! २०२५ मध्ये नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर नाही, असं जाहीर झालं. ठाणे-डोंबिवलीतल्या नोकरदार घरांना आनंद झाला, व्हायलाच हवा. पण पोळ्या लाटून संसाराला हातभार लावणारीचं काय? तिला आयकर लागतच नव्हता. ती कर भरते तो साबण, पेस्ट, केसांचं तेल घेताना. त्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला, तेव्हा कुठे तिच्या पदरात काही पडलं.

त्याच २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सरकारकडे येणाऱ्या रुपयातले २४ पैसे कर्जाचे होते आणि खर्चाच्या रुपयातले २० पैसे नुसत्या व्याजाचे. भिशी सांभाळणाऱ्या बाईला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मग 'आपल्याला त्यातलं काय कळतंय' असं का म्हणायचं? सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के जीएसटी होता. देशभर बायकांनी आवाज उठवला, सह्या गोळा केल्या आणि जुलै २०१८ मध्ये तो रद्द झाला.

म्हणून म्हणते, पुढच्या भिशीला साड्यांबरोबर दहा मिनिटं अर्थसंकल्पावरही बोलूया. बोललो तरच कुणी ऐकेल ना!