न दिलेलें मत

"माझ्या एकट्याच्या मतानें काय होणार?" हा प्रश्न आपल्या महाड-पोलादपुराकडे निवडणुकीच्या दिवसांत वारंवार ऐकूं येतो. तो विनयाचा भासतो. परंतु त्याच्या पोटीं बहुधा आळस दडलेला असतो. हा समज आकड्यांच्या कसोटीस लावून पाहूं.

गोवा महाराष्ट्रांत विलीन व्हावा कीं केंद्रशासित राहावा, हें ठरविण्यासाठीं १६ जानेवारी १९६७ रोजीं तेथें जनमतकौल घेण्यांत आला. ३,८८,४३२ मतदारांपैकीं ३,१७,६३३ जणांनीं मत दिलें, आणि विलीनीकरणाचा पक्ष ३४,०२१ मतांनीं हरला. घरीं राहिलेले मतदार मात्र ७०,७९९ होते. म्हणजे जयपराजयांतील अंतराच्या दुपटीहून अधिक! त्यांचा कल कोणीकडे होता, हें इतिहासास कधींच कळणार नाहीं.

दुसरें उदाहरण भूमध्यसमुद्रांतील माल्टा बेटाचें. ब्रिटनशीं एकरूप व्हावें काय, हा प्रश्न १९५६ च्या फेब्रुवारींत तेथील लोकांपुढें आला. मत देणाऱ्यांपैकीं शेंकडा ७७ जण अनुकूल होते. पण मतदानच शेंकडा ५९ झालें. सर्व मतदारांचा हिशेब केला, तर अनुकूल असणारे निम्मेहि भरत नाहींत. कौल संदिग्ध राहिला, योजना मागें पडली, आणि १९६४ सालीं माल्टा स्वतंत्र झाला. तेथें कित्येकांनीं विचारपूर्वक बहिष्कार घातला होता. केवळ कंटाळ्यानें घरीं बसणाऱ्यास त्यांचा आधार घेतां येणार नाहीं.

आमच्या तालुक्यांची अडचण निराळी आहे. पोलादपूरच्या खोऱ्यांतील कित्येक घरांचे कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठीं मुंबईस राहतात. नांव गांवच्या यादींत, देह मुंबईंत! मतदानासाठीं यावें तर प्रवासखर्च होतो आणि दिवसाची मजुरी बुडते. ह्यास आळस म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु मनुष्य सामान्यतः जेथें राहतो, तेथेंच त्याचें नांव असावें, असा कायदा आहे. यास्तव, पालकहो, जेथें राहतां तेथील यादींत नांव नोंदवा. गांवाची ओढ आम्हांस ठाऊक आहे. पण नुसत्या नांवानें ना गांवाचें हित होतें, ना शहराचें.

हक्क कागदावर ठेवून चालत नाहीं, हें महाडकरांस तरी सांगावें लागूं नये. चवदार तळें सर्वांस खुलें करण्याचा ठराव येथील नगरपालिकेनें १९२४ सालीं केला. तो तसाच पडून राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहस्रावधि अनुयायी स्वतः चालत तळ्यावर गेले व पाणी प्याले, तेव्हां कोठें त्या हक्कास अर्थ आला. त्याच वर्षींच्या ऑगस्टांत तो ठराव रद्द झाला, आणि न्यायालयाचा अखेरचा निकाल हातीं येण्यास १९३७ साल उजाडलें. हक्क मिळणें एक, आणि तो बजावणें दुसरें.

विद्यार्थिमित्रांनो, १९८९ पासून मताधिकाराचें वय १८ आहे. वरच्या वर्गांतील मुलामुलींस तो दिवस दूर नाहीं. तोंपर्यंत घरच्या वडील माणसांस एवढेंच विचारा, "आपलें नांव कोणत्या यादींत आहे?"