आधी ताईंनी भिजावं

एप्रिलमध्ये आम्ही जागा पाहून आलो होतो. गावाबाहेर ओढ्याकाठी उंबर, त्याची गार सावली, कोरड्या पात्रात मऊ रेती, बसायला गुळगुळीत धोंडे. बालवाडी भरवायची तर इथेच, असं ठरवून आम्ही दोघी ताई मोठ्या खुशीत परतलो. जुलैत पुन्हा गेलो तेव्हा रेती नव्हती, धोंडे नव्हते, उंबराच्या बुंध्याला गढूळ पाणी लागलं होतं. सोबत मुलं नव्हती, एवढंच नशीब.

गोष्ट जुनी आहे. ती आठवली कारण गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या पत्रांत एकच विचारणा वारंवार आली: निसर्ग बालवाडी सुरू करायची आहे, जूनपासून मुलं बाहेर न्यायची आहेत, तयारी काय करावी? हा अंक हाती पडेल तेव्हा मृग लागलेला असेल, म्हणून आडवळण न घेता सांगते. या जूनमध्ये मुलांना नेऊ नका, तुम्ही जा. यंदाचा पावसाळा ताईंचा. मुलांना दिवाळीनंतर न्या, म्हणजे पुढच्या मृगापर्यंत ती जागा त्यांना घरच्या अंगणासारखी पाठ होईल. मग खुशाल भिजू द्या.

आपल्याकडे शाळेचं वर्ष नेमकं बाहेर बसायला सर्वांत अवघड दिवसांत सुरू होतं, हे नियोजन करताना कुणाच्या फारसं ध्यानात येत नाही. ज्या युरोपीय जंगल-बालवाड्यांची छायाचित्रं पाहून आपण हरखतो, त्यांची सुरुवात डेन्मार्कमध्ये 1950च्या दशकात झाली. जर्मनीत फ्लेन्सबुर्गच्या अशा बालवाडीला 1993 साली शासनमान्यता मिळाली आणि मग त्या देशभर पसरल्या. पण तिथलं वर्ष उन्हाळा सरताना सुरू होतं. बर्फ पडायच्या आधी नव्या मुलांना दोन-तीन सौम्य महिने मिळतात. आपल्या मुलांना आपण पहिल्याच आठवड्यात धो-धो पावसात उभं करतो आणि चौथ्या दिवशी वर्ग खोलीत येतो. तो पुन्हा बाहेर पडतो ते सहलीपुरता.

कपड्यांचंही तसंच. तिकडचे अंगभर जलरोधक पोशाख थंड हवेसाठी आहेत. आपल्या दमट हवेत मूल त्यात बाहेरून कोरडं आणि आतून घामाने चिंब होतं. एका पालकसभेत असा महागडा पोशाख सक्तीचा करण्याचा ठराव मी स्वतः मांडला होता, हे कबूल करायला हवं. आपल्याकडे मूल भिजल्याने बिघडत नाही, ओलं राहिल्याने बिघडतं. म्हणून रेनकोटाआधी दोन कोरडे जोड, एक पंचा आणि पाच मिनिटांच्या अंतरावर छप्पर असलेली जागा बघा. देवळाचा सभामंडप चालेल, शाळेचा व्हरांडा चालेल. पाय पुसून बोटांच्या बेचक्या कोरड्या करायचं काम मदतनीस ताईंच्या दिनक्रमात लिहूनच ठेवा, नाहीतर ऑगस्टमध्ये निम्म्या वर्गाला चिखल्या झालेल्या असतात.

तर पावसात जाऊन ताईंनी पाहायचं काय? पाणी कुठून येतं आणि कुठे साचतं. कोणत्या पायवाटेवर शेवाळ धरतं. वाऱ्याने कोणती फांदी मोडते. 108ची गाडी चिखलातून कुठवर येऊ शकते आणि फोनला रेंज कुठे मिळते. कुंपणाला मोगली एरंड आहे का, हे तर आवर्जून. त्याच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात आणि मुलं त्या एकट्याने खात नाहीत, वाटून खातात, म्हणून एकाच वेळी दहा-बारा जण उलट्या करू लागतात. पिवळ्या कण्हेरीची बिट्टी खेळायला छान, पण तिची बी जीवघेणी. खाजकुइलीचा वेल पावसाळ्यात निरुपद्रवी दिसतो, तेव्हाच तो ओळखून ठेवायचा. हिवाळ्यात शेंगा वाळल्या की तिची कुसं वाऱ्यानेसुद्धा अंगावर येतात. कोकणातल्या ताई आंब्याची बाग सुचवतात. सावली उत्तम, मालकही ओळखीचा, पण मोहराच्या दिवसांत तिथे फवारणी चालते आणि नेमके तेच आपले हवेशीर महिने. काजूच्या बागेत हिरव्या बोंडाच्या बीचं तेल कातडी भाजतं, बिब्ब्याचंही तेच. देवराईत जायचं तर गावकऱ्यांना आधी विचारा, वनजमिनीवर वनखात्याची लेखी परवानगी घ्या, गायरानासाठी ग्रामपंचायतीची.

विंचू-सापाचा प्रश्न प्रत्येक सभेत येतो आणि यायलाच हवा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध परिणामकारक ठरतं हे दाखवलं, त्याला आता चार दशकं होत आली. आपल्याकडे कमी पडते ती वेळ. जवळच्या कोणत्या आरोग्य केंद्रात विंचवाचं औषध आणि सर्पदंशावरचं प्रतिविष आज, या आठवड्यात, शिल्लक आहे हे प्रत्यक्ष जाऊन विचारा आणि दर महिन्याला पुन्हा विचारा. दगड उलटायचा तो ताईने, काठीने. मुलांनी मागे उभं राहायचं. हा एक नियम तीन वर्षांचं मूलही आठवड्यात शिकतं. मोठी माणसं शिकत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

विजेचं गणित सोपं आहे. मान्सूनआधीची आणि परतीची वादळं बहुतेक दुपारनंतर येतात, म्हणून वर्ग सकाळी आठला भरवून अकराला घरी. सकाळी गडगडलं तर झाडाखालून उठायचं आणि छपराखाली जायचं, यावर चर्चा नाही.

मात्र काळजीपोटी मुलाला काहीच करू द्यायचं नाही, असंही नको. डोक्यावरची वाळकी फांदी हा धोका आहे, कारण ती मुलाला दिसत नाही. ती आपण सकाळीच काढायची. खालच्या फांदीवर चढणं ही जोखीम आहे, ती मूल स्वतः मोजतं. माझा नियम असा की कोणत्याही मुलाला उचलून झाडावर ठेवायचं नाही. जेवढं आपलं आपण चढता येतं, तेवढंच त्याचं झाड.

आता अवघड भाग. एका वस्तीत निसर्ग बालवाडीची कल्पना समजावून सांगत होते. मुकादमाच्या हाताखाली काम करणारी एक आई शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ताई, आमचं पोर दिवसभर मातीतच असतं. शाळेत पाठवतो ते चार भिंतीत बसायला शिकावं म्हणून." मला उत्तर देता आलं नाही. आजही पुरतं देता येत नाही. शहरातल्या पालकाला जे पैसे मोजून हवं आहे, ते तिच्या मुलाच्या वाट्याला नाइलाजाने आलेलं आहे.

अशा वेळी मी कोसबाडकडे पाहते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीहून 1957 साली कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली मुलं शाळेत येत नव्हती कारण त्यांच्यामागे गुरं होती, कडेवर धाकटं भावंड होतं. तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळेची मुलं आपल्या बालवाडीपेक्षा थोडी मोठी, पण मुद्दा तोच. शाळा उघड्यावर गेली, ती मुलं तिथे होती म्हणून. उघड्यावर म्हणजे मोकाट नव्हे. तिथे शिकवणारी बाई होती, ठरलेलं काम होतं, गाणी आणि मोजणी होती. त्या आईला मी काही दाखवू शकते तर हेच: तिचं मूल मातीत असताना त्याच्याशी बोलणारं, त्याने गोळा केलेली करंजाची टरफलं आकारानुसार मांडायला लावणारं, "आता किती उरली?" विचारणारं माणूस तिथे आहे. नाहीतर तिचं म्हणणं बरोबर आहे. आणि गंमत पाहा, अंगणवाडी हा शब्दच मुळात उघड्या अंगणाचा. 2 ऑक्टोबर 1975 पासून अंगणवाडीची योजना देशभर पसरली, पुढे अंगणवाड्यांना खोल्या मिळाल्या आणि बऱ्याच ठिकाणी अंगण तेवढं गेलं.

माणूसबळाचं थोडक्यात. बारा मुलांना दोन ताई आणि एक तिसरं मोठं माणूस, यापेक्षा कमीत मी निघणार नाही. अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस अशा दोघीच असतात, मुलं पंचवीस. मग रोज अर्धीच मुलं न्या, उरलेली मदतनीस ताईंपाशी, आणि सोबतीला गावातल्या दोघी आज्या. झाडांची नावं त्यांना आपल्यापेक्षा जास्त येतात.

काही वाचकांनी जूनची जाहिरात केली आहे, फीसुद्धा घेतली आहे. त्यांना माझा सल्ला पटणार नाही, तरी एक मार्ग सांगते. वर्ग व्हरांड्यातच सुरू करा. रोज अर्धा तास, छपरापासून पन्नास पावलांच्या आत, एकाच झाडाखाली. मृगाचे लाल किडे निघतील, मग पैसा किडा दिसेल, मग गोगलगायी. तेवढ्यातच जुलै निघून जातो. संध्याकाळी मुलं गेल्यावर ताईंनी छत्री घेऊन खऱ्या जागेवर जावं आणि वहीत लिहावं: आज पाणी कुठवर आलं.