पहिला स्वर आपल्या हातचा

संगीताची आवड असलेल्या पुष्कळ घरांत आतां तंबोऱ्याच्या जागीं विजेची पेटी आली आहे. कळ दाबली कीं षड्ज-पंचम सुरू होतात; आंत नाद कोठून उपजतो, हें विचारण्याचें मोठ्यांस सुचत नाहीं. आमच्या नातवास तें सुचलें. उन्हाळ्याच्या सुटींत भंडाऱ्यास आला असतां त्यानें पुसलें, "आजोबा, मॉड्युलर सिंथेसायझर घरीं करतां येईल का?"

हें वाद्य म्हणजे अनेक लहान मंडलांचा मेळ. एक मंडल नाद उत्पन्न करतें, दुसरें तो गाळतें, तिसरें त्याचा जोर कमीअधिक करतें. आणि कोणतें कोणाशीं जोडावें, हें वाजविणारा ठरवितो. अमेरिकेंत रॉबर्ट मूग यांनीं १९६४ मध्यें या रीतीचें वाद्य सिद्ध केलें. त्यांचें यंत्र १९६९ मध्यें अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत आलें, व तेथें गीता साराभाई प्रभृति आपल्या संगीतज्ञांनीं त्यावर प्रयोग केले.

नवशिक्यानें मात्र सबंध वाद्य मांडावयास घेऊं नये. संस्कृत शिकणारा आधीं 'राम' शब्द चालवितो, एकदम महाभाष्य उघडीत नाहीं. तसा येथेंही आधीं एकच स्वर साधावा.

त्यासाठीं १९७२ पासून बाजारांत असलेली ५५५ ही चिप, ९ व्होल्टची बॅटरी, ब्रेडबोर्ड व ८ ओमचा लहान स्पीकर आणावा. चिपेची खांच डावीकडे धरली असतां खालच्या ओळींत डावीकडून १ ते ४ व वरच्या ओळींत उजवीकडून ५ ते ८ असे पाय मोजावेत. पहिला पाय बॅटरीच्या ऋण टोकास, चौथा व आठवा धन टोकास जोडावा; दुसरा व सहावा एकमेकांस जोडावे. आठव्या-सातव्यांत १० हजार ओमचा, सातव्या-सहाव्यांत २२ हजार ओमचा रेझिस्टर घालावा. दुसऱ्यापासून ऋण टोकापर्यंत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. तिसऱ्या पायापासून १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्याची धन बाजू चिपेकडे ठेवून, व पुढें १०० ओमचा रेझिस्टर घालून स्पीकरास जावें. स्पीकरची दुसरी तार ऋण टोकास न्यावी.

लहान कपॅसिटर सेकंदास सुमारें २६७ वेळां भरतो व ओसरतो. तोच आपला स्वर, पेटीच्या पांढरी एकच्या निकटचा. त्याच्या शेजारीं तसाच दुसरा कपॅसिटर लावतांच आंदोलनें निम्मीं होतात व स्वर मंद्र सप्तकांत उतरतो. सप्तकाचें गणित असें कानांनीं कळतें.

मग दुसऱ्या ५५५ वर हेंच मंडल स्पीकरावांचून मांडावें, ०.१ च्या जागीं १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घ्यावा. तें सेकंदास अडीच-तीन वेळांच डोलेल. त्याचा तिसरा पाय १० हजार ओमच्या रेझिस्टरांतून पहिल्या चिपेच्या पांचव्या पायास जोडला, कीं स्वर दोन श्रुतींमध्यें हेलकावूं लागतो. एक मंडल गातें, दुसरें त्यास आज्ञा करतें; मॉड्युलरचें मर्म हेंच.

घरच्या २३० व्होल्टच्या विजेशीं या खेळाचा संबंध येऊं देऊं नये. कानाला हेडफोन लावून प्रथम प्रयोग करूं नये. भंडारा पितळी भांड्यांचा गांव असल्यानें डाख आम्हांस परका नाहीं. तरी डाख अगदीं शेवटीं, ब्रेडबोर्डवर सर्व सिद्ध झाल्यावरच द्यावा.

आतां आमची चूक. नातू बॅटरी जोडीत असतां आम्हीं घाईनें तारा त्याच्या हातून घेतल्या व उलट्या लावल्या. चिप तापली व मुकी झाली. "तूंच कांहीं तरी भलतें जोडलेंस," म्हणून आम्ही त्याच्यावर रागावलों. त्यानें निमूटपणें एकेक तार आकृतीशीं ताडून पाहिली व हळूच म्हणाला, "आजोबा, लाल तार ऋण टोकाला आहे." घरचीं सर्व मंडळी ऐकत होतीं. सारा जन्म मुलांच्या चुका काढण्यांत गेलेल्यास "चूक माझी" हे दोन शब्द फार जड गेले. पण ते उच्चारले. तो लगेच हंसला व नवी चिप बसवूं लागला. चिप थोडक्या पैशांत दुसरी मिळते. मुलाचें मन एकदां बिचकलें, तर तें कोणत्या दुकानांत मिळावें?

म्हणून वडीलधाऱ्यांनीं शेजारीं बसावें, तारा मुलांच्याच हातीं राहूं द्याव्यात, आणि चिपा मात्र दोन-तीन जास्तच आणाव्यात.