गोळी, पाणी आणि मूत्रपिंड

डायक्लोफिनॅकचे नाव औषधनियमांच्या अनुसूची ‘एच’मध्ये आहे, म्हणजे वैद्याच्या चिठ्ठीवाचून ते विकण्यास मनाई आहे, परंतु हा हुकूम दफ्तरातच राहिला असून, कंबर धरून दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाला ‘लघवी कमी होते का?’ असे विचारणारा विक्रेता क्वचितच आढळतो.

हा प्रश्न अप्रस्तुत नाही. डायक्लोफिनॅकसारखी दाहशामक औषधे प्रोस्टाग्लँडिन नामक द्रव्यांची निर्मिती रोखतात, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखविले व १९८२ मध्ये ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. परंतु जी द्रव्ये सांध्यात वेदना वाढवितात, तीच मूत्रपिंडात पाण्याचा जमाखर्च सांभाळतात. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळून त्यातील दीड-दोन लिटरच बाहेर सोडणाऱ्या या अवयवास पाणी राखण्याची आज्ञा व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक देते, आणि त्या आज्ञेचा अतिरेक होऊ नये म्हणून प्रोस्टाग्लँडिन तिला आवर घालते. गोळीने हा आवर सुटला की पाणी साचते, रक्तातील सोडियम विरळ होते, आणि विशेषतः लघवी वाढविणाऱ्या थायझाइड गोळ्या घेणारे वृद्ध गृहस्थ बरळू लागतात, तोल जाऊन पडतात. घरचे मात्र ‘वयच झालं’ म्हणून स्वस्थ बसतात. मूत्रपिंड व्हॅसोप्रेसिनला दाद देत नसल्यामुळे ज्यांना अतोनात लघवी होते अशा काही रुग्णांना वैद्य इंडोमेथॅसिन मुद्दाम देतात, ते या गुणामुळेच.

याहून गंभीर गोष्ट घाम गाळणाऱ्यांची. शरीरातील पाणी आटले म्हणजे मूत्रपिंडाकडे रक्त नेणारी सूक्ष्म वाहिनी प्रोस्टाग्लँडिनच्याच बळावर खुली राहते. अशा वेळी गोळी घेतल्यास ती वाहिनी आवळते व गाळणीच मंदावते. गोळी घेऊन उन्हात कोयता चालविणाऱ्या ऊसतोड मजुराची, आणि रक्तदाबाच्या काही औषधांसह लघवीची गोळी चालू असताना ही दाहशामक गोळी घेणाऱ्या रुग्णाचीही, हीच अवस्था होते.

गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००६ मध्ये सरकारने पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. माणसांच्या बाबतीत मात्र बंदीची मागणी मला मान्य नाही. ‘खाडा’ पडला की मुकादम पैसे कापतो, त्यामुळे दुखणे दाबून फडात उतरणे मजुराला भाग पडते, आणि त्याला संयमाचा उपदेश करणे हे खुर्चीत बसलेल्यांचे काम आहे. जबाबदारी टाकायची तर ती विक्रेत्यावर व साखर कारखान्यावर टाकावी: पहिल्याने चिठ्ठी मागावी आणि रक्तदाबाची व लघवीची औषधे चालू आहेत का याची चौकशी करावी, दुसऱ्याने फडावर पिण्याचे पाणी व आजारपणाची भरपगारी रजा द्यावी, आणि ती मिळाली की नाही याची नोंद मुकादमाच्या वहीत नव्हे, तर कारखान्याच्या हजेरीपटात व्हावी.