टेपवरचा थरथरता आवाज

2024मध्ये आलेल्या इंडी अल्बमांपैकी एड्रिअन लेन्करचा ‘ब्राइट फ्यूचर’ माझ्या मनातून अजून उतरलेला नाही. जंगलातल्या स्टुडिओत, मोजके मित्र गोळा करून, थेट टेपवर ध्वनिमुद्रित केलेला हा अल्बम. पहिलंच गाणं घ्या, ‘रिअल हाउस’. पियानो इतका सावकाश चालतो, की पुढचा सूर येतोय की नाही अशी धाकधूक वाटते. आणि घरचा कुत्रा गेला तेव्हा आईला पहिल्यांदा रडताना पाहिलं, एवढीशी गोष्ट लेन्कर कसलाही आव न आणता सांगते. आवाज थरथरतो तिथे तो तसाच ठेवलाय. असं धाडस मला हल्ली फार थोड्या ठिकाणी ऐकू येतं. वॅक्सहॅचीचा त्याच वर्षीचा अल्बम ‘टायगर्स ब्लड’ त्यामानाने सुबक. पण त्यातलं ‘राइट बॅक टू इट’ बँजोमुळे आणि एमजे लेंडरमनच्या साथीमुळे दिवसभर ओठांवर राहतं. लेंडरमनचा स्वतःचा ‘मॅनिंग फायरवर्क्स’ मला गिटारसाठी आवडला, शब्दांसाठी त्याहून जास्त. आणि सिंडी ली! या नावाने गाणाऱ्या कॅनडाच्या पॅट्रिक फ्लेगेलने ‘डायमंड ज्युबिली’ हा अल्बम स्ट्रीमिंग अ‍ॅपवर सुरुवातीला आणलाच नाही. यूट्यूबवर सलग दोन तास, 32 गाणी. मधलंच एखादं उचलून प्लेलिस्टमध्ये टाकायची सोय तेव्हा नव्हती. साठच्या दशकातल्या पॉपची गोडी, जुन्या रेडिओच्या खरखरीतून यावी तशी. दुसऱ्या तासात पसारा वाढतो, हे खरं. तरी एक गाणं कमी करा म्हणालात, तर कुठल्याही गाण्याला मी हात लावू देणार नाही.